अल्फा, मेट, पॅक: दोन पुरुषांच्या प्रेमकथेत लांडगा कशाला?

फेसबुक चाळताना मधेच एक जाहिरात येते. पिवळ्या डोळ्यांचा, उघड्या छातीचा तरुण, मागे पूर्ण चंद्र आणि खाली ओळ, ‘अल्फाने तिला नाकारलं!’ गोष्टी ऐकवणारी ॲप आणि मोबाइलवर उभ्या चौकटीत दिसणाऱ्या दोन-दोन मिनिटांच्या मालिका यांनी अशा जाहिरातींचा इतका मारा केला आहे की या गोष्टींशी काही देणंघेणं नसलेल्या माणसालाही ‘अल्फा’ आणि ‘मेट’ हे शब्द ओळखीचे झाले आहेत. याच गोष्टींचा एक प्रकार असा आहे की त्यात लांडगा होणारा नायक पुरुष आणि त्याचा जोडीदारही पुरुष. इंग्रजीत त्याचा वाचक मोठा आहे आणि किंडलवर वाचणारी आपल्याकडची मुलंमुलीही त्यात आहेत. घरातल्या कुणाच्या हातात असं पुस्तक दिसलं की वडीलधारे गोंधळतात. दोन पुरुषांचं प्रेम एक वेळ समजून घेतलं, पण त्यात लांडगा कुठून आला?

प्रश्न रास्त आहे. मी ही पुस्तकं आवडीने वाचते आणि मला वाटतं, दोन पुरुषांच्या प्रेमकथेला ज्या गोष्टी फार काळ मिळत नव्हत्या, त्या लांडग्याने मिळवून दिल्या. त्या कोणत्या, हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

आधी शब्दांची ओळख

जिच्यात भूत, चेटूक किंवा रूप बदलणारे जीव असतात, पण जिचा कणा प्रेमाचाच असतो ती अतिमानुष प्रेमकथा. रूप बदलणाऱ्याला या वाचकांत ‘शिफ्टर’ म्हणतात. शिफ्टर अस्वल असतो, गरुड असतो, पण सगळ्यात जास्त भरणा लांडग्यांचा. त्यांची टोळी म्हणजे ‘पॅक’, टोळीचा प्रमुख ‘अल्फा’ आणि निसर्गाने ठरवून दिलेला जोडीदार ‘मेट’. एवढे शब्द पुरेत.

कथेचा साचाही ओळखीचा आहे. घरच्यांनी तोडलेला किंवा स्वतःच घर सोडून आलेला एक तरुण झाडीतल्या लहान गावात पोचतो. गाव बहुधा अमेरिकेत, ओरेगन किंवा मोंटानासारख्या डोंगराळ राज्यात. तिथे त्याला एक अबोल माणूस भेटतो. हा माणूस त्याला दुरून टाळतो, पण त्याच्यावर संकट आलं की सगळ्यात आधी पोचतो. पुढे गुपित कळतं, टोळीतले काही जण विरोध करतात, बाहेरची एखादी टोळी चालून येते आणि शेवटी दोघं एकत्र राहतात. ते एकत्र राहणार हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. इंग्रजीतल्या ‘रोमान्स’ या प्रकाराची ती अटच आहे. शेवट गोड नसेल तर ती प्रेमाची कादंबरी असेल, पण रोमान्स नव्हे.

लांडगा-माणूस किती जुना?

फार जुना. ग्रीक कथेत आर्केडियाचा राजा लायकेऑन देवाची परीक्षा पाहायला त्याच्या पानात माणसाचं मांस वाढतो आणि देव त्याला लांडगा करून टाकतो. रोमन कवी ओव्हिडने इसवी सनाच्या पहिल्या शतकात ही कथा सांगितली आहे. त्याच शतकातल्या पेट्रोनियसकडे आणखी घरगुती प्रसंग आहे. एक शिपाई थडग्यांपाशी कपडे काढतो, त्यांच्याभोवती लघवीचं रिंगण करतो आणि लांडगा होऊन पळतो. त्याच रात्री एका वाडीवर लांडगा घुसतो, त्याच्या मानेत भाला बसतो. सकाळी तो शिपाई अंथरुणात पडलेला आणि वैद्य त्याच्या मानेवर औषधोपचार करतोय.

सोळाव्या शतकापर्यंत युरोपात हे गोष्टींपुरतं राहिलं नव्हतं. १५८९ मध्ये जर्मनीत कोलोनजवळच्या बेडबुर्ग इथे पेटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याला लांडगा होऊन खून केल्याच्या आरोपावरून हाल करून मारलं गेलं. चेटकिणी ठरवून बायकांना जाळण्याचा तो काळ होता. पौर्णिमेची रात्र, चांदीचं हत्यार आणि चावल्याने लागण, हे नियम मात्र पक्के झाले १९३० आणि १९४० च्या दशकांतल्या हॉलीवूड चित्रपटांमुळे.

आपल्याकडे रूप बदलणाऱ्या प्रेमिकांचं नवल वाटायचं कारण नाही. महाभारतात पंडू ज्या हरणाला बाण मारतो तो किंदम ऋषी असतो. हरणाचं रूप घेऊन तो आपल्या पत्नीबरोबर रानात रमलेला असतो. मरताना तो पंडूला शाप देतो आणि पुढचं सगळं महाभारत त्या शापातून निघतं.

राजाच्या पलंगावर झोपलेला सरदार

या परंपरेतली एक कथा मला सगळ्यांहून मोलाची वाटते. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात मारी द फ्रान्स नावाच्या कवयित्रीने जुन्या फ्रेंचमध्ये ती काव्यात लिहिली. कथेचं नाव ‘बिस्क्लावरे’.

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतातला एक सरदार दर आठवड्याला तीन दिवस कुठेतरी नाहीसा होतो. बायको खोदून खोदून विचारते. शेवटी तो सांगतो की मी रानात जाऊन लांडगा होतो. कपडे कुठे ठेवतोस, हेही ती काढून घेते. एका जुन्या देवळापाशी पोकळ दगडात. ते कपडे हरवले तर तो पुन्हा माणूस होऊ शकणार नाही. ती आपल्या एका चाहत्याकरवी ते कपडे चोरवते आणि त्याच्याशी लग्न करून मोकळी होते.

वर्षभराने राजा शिकारीला जातो. कुत्रे दिवसभर लांडग्याचा पाठलाग करतात. लांडगा अगदी धरला जाणार, तेवढ्यात तो राजाकडे धावतो, रिकीब धरतो आणि राजाच्या पायाचं चुंबन घेतो. राजा थक्क होतो, शिकार थांबवतो, त्याला वाड्यात घेऊन येतो. तेव्हापासून लांडगा राजाचा माग सोडत नाही, रात्री त्याच्या माणसांत त्याच्याजवळ झोपतो. दरबारात बायकोचा नवा नवरा आल्यावर आणि पुढे ती स्वतः समोर आल्यावर मात्र तो खवळतो. चौकशी होते, कपडे परत मिळतात. ते त्याच्यापुढे ठेवले तर तो त्यांच्याकडे बघतही नाही. तेव्हा एक जाणता माणूस राजाला सांगतो की चारचौघांत रूप बदलायची त्याला लाज वाटते आहे, त्याला आत तुमच्या खोलीत न्या. दार लावून घेतात. बऱ्याच वेळाने राजा आत जातो तर त्याच्या स्वतःच्या पलंगावर सरदार झोपलेला. राजा धावत जाऊन त्याला मिठीत घेतो आणि शंभराहून जास्त वेळा त्याचं चुंबन घेतो.

त्या काळी राजाने आपल्या सरदाराचं चुंबन घेणं ही दरबारी रीत होती, म्हणून या कथेवर आजचा शिक्का मारायची घाई मी करणार नाही. पण आठशे वर्षांपूर्वीच्या या काव्यात काय काय आहे ते पाहा. आठवड्यातले काही दिवस कुणाला न सांगता जगायचं दुसरं आयुष्य. ते जवळच्या माणसाला सांगितल्यावर झालेला दगा. सगळ्यांसमोर खरं रूप घ्यायची लाज आणि बंद दाराआड मिळालेली मोकळीक. हे सगळं जाणणारा आणि तरीही कवटाळणारा दुसरा पुरुष. ज्याने आपलं समलिंगी असणं कधी लपवलं आहे त्याला यातली एकेक पायरी परिचयाची वाटते. आजच्या कादंबऱ्यांची बांधणी इथे तयार दिसते.

गोड शेवट आणि पळून जायला जंगल

आता दुसरा धागा. इंग्लिश कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९१३-१४ मध्ये ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी लिहिली. ती छापून आली १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. (हे फॉर्स्टर म्हणजे १९२१ मध्ये देवास थोरल्या पातीच्या पवार महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले. मराठी दरबाराचं तपशीलवार चित्र त्यांनी पुढे पुस्तकात उतरवलं.) कादंबरीला जोडलेल्या टिपणात त्यांनी स्वच्छ लिहिलं आहे की गोड शेवट करायचाच, हे त्यांनी ठरवलं होतं. नायकाने गळफास घेतला असता तर पुस्तक छापायला तितकी अडचण आली नसती. पण दोघं शिक्षा न भोगता सुटतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले शरीरसंबंध हा गुन्हा होता, त्यामुळे तो सुखी शेवटच पुस्तकाच्या आड आला.

ते दोघं जातात कुठे? रानात. आणि त्याच टिपणात फॉर्स्टर खंत करतात की लपायला जावं असं रान आता इंग्लंडमध्ये उरलेलं नाही.

मराठीतही हा अनुभव वेगळा नाही. तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये दोन स्त्रियांमधलं प्रेम १९८१ मध्ये रंगमंचावर आलं. ते धाडस मोठं होतं, पण मित्रा शेवटी जगत नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूच्या प्रेमात पडतात आणि तो कुणाचाच राहत नाही. दोन्ही लेखन श्रेष्ठ आहे. तरी वीस वर्षांच्या मुलाने असली सगळी पुस्तकं एकापाठोपाठ वाचली तर त्याला आपल्या भविष्याबद्दल काय कळेल, हाही विचार व्हायला हवा.

लांडग्यांच्या रोमान्समध्ये शेवट गोड असण्याची हमी आहे आणि पळून जायला जंगलही. मोंटानातल्या त्या काल्पनिक गावापलीकडे मैलोन्‌मैल झाडी असते. तिथे पोलीस, पाळक, शेजारी यांचा कायदा चालत नाही, टोळीचा चालतो. फॉर्स्टरना हरवलेलं वाटलेलं रान लेखकांनी असं परत उभं केलं.

हा प्रकार उभा कुणी केला?

प्रकाशकांनी नव्हे, चाहत्यांनी. १९७० च्या दशकात ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी टीव्ही मालिकेतले कर्क आणि स्पॉक हे दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात आहेत अशा गोष्टी चाहते, त्यातही मुख्यतः बायका, लिहू लागल्या आणि चक्रमुद्रित अंकांतून टपालाने एकमेकींना पाठवू लागल्या. इंटरनेट आल्यावर हा प्रवाह फुगला. २००९ मध्ये ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे चाहत्यांच्या कथांचं, स्वयंसेवकांनी चालवलेलं, जाहिराती न घेणारं संकेतस्थळ खुलं झालं. २०१९ मध्ये त्याला विज्ञानकथा क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

२०११ ते २०१७ या काळात एमटीव्हीवर ‘टीन वुल्फ’ मालिका चालली. तिच्यातला बडबड्या स्टाइल्स आणि घुमा लांडगा-माणूस डेरेक यांची जोडी मालिकेत कधी जमलीच नाही. चाहत्यांनी ती हजारो कथांतून जमवली. आजच्या कितीतरी कादंबऱ्यांमधलं नायकांचं जोडपं त्या वळणाचं असतं. ‘वुल्फसाँग’ ही टी. जे. क्लून यांची कादंबरी २०१६ मध्ये अशा पुस्तकांसाठीच काढलेल्या छोट्या प्रकाशनाने छापली होती, ती २०२३ मध्ये टॉर या बड्या प्रकाशनाने नव्याने आणली. क्लून स्वतः समलिंगी आहेत. एकेकाळी गुपचूप वाचली जाणारी गोष्ट पुस्तकाच्या दुकानात दर्शनी मांडली जाऊ लागली.

पण लांडग्यांत खरंच अल्फा असतो का?

इथे थोडं थांबायला हवं, कारण या कल्पनेने पुस्तकांच्या बाहेरही फार नुकसान केलं आहे. ‘अल्फा पुरुष’ बना असं शिकवणारे व्हिडिओ आपल्या मुलांपर्यंत पोचले आहेत.

रुडॉल्फ शेंकेल या स्विस संशोधकाने बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ मध्ये निष्कर्ष छापले. टोळीत सतत वरचढपणाची झुंज चालते आणि जिंकलेली जोडी बाकीच्यांना दाबून ठेवते, असं त्यांना दिसलं. निरीक्षण खोटं नव्हतं. पण ते लांडगे लहानशा कुंपणात एकत्र कोंडलेले होते आणि त्यांना तिथून निघून जाता येत नव्हतं. सकाळच्या विरार लोकलमधली रेटारेटी पाहून कुणी लिहिलं की मराठी माणसाच्या घरात जेवायची जागाही कोपर मारून मिळवावी लागते, तर ते जितकं खरं, तितकंच हे.

अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनी १९७० च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात ही मांडणी पुढे नेली आणि ‘अल्फा’ घराघरांत गेला. नंतर १९८६ पासून मेक उन्हाळ्यामागून उन्हाळे कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्स्मीर बेटावर जात राहिले. तिथले लांडगे माणसाला बुजत नव्हते, त्यामुळे त्यांना जवळून पाहता आलं. १९९९ मध्ये त्यांनी शोधनिबंध लिहून सांगितलं की रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची गेल्या दोन-तीन वर्षांतली पिल्लं. मोठी झालेली पिल्लं भांडून सत्ता घेत नाहीत, ती घर सोडून जोडीदार शोधायला जातात. ज्याला अल्फा म्हणायचे तो साधा बाप आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी टोळ्या मोठ्या होतात, एकीत दोन माद्या विताना दिसतात, तिथे नाती जास्त गुंतागुंतीची असतात. पण मूळ घडण कुटुंबाचीच. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, असं मेक पुढे वर्षानुवर्षं प्रकाशकाला सांगत राहिले.

आता पुस्तकांकडे वळून पाहा. सुमार कादंबरीतला अल्फा गुरगुरतो, भिंतीवर दाबून धरतो आणि वाचकाने त्याला प्रेम समजावं अशी अपेक्षा असते. चांगल्या लेखकांच्या हाती मात्र टोळी घर होते. अल्फा रात्री उठून सगळे झोपलेत ना बघतो. स्वयंपाकघरात तीन-चार जण एकमेकांना अडखळत काहीतरी तळत असतात. नव्याने आलेल्या मुलाला कुणी न विचारता ताट वाढलं जातं, त्याने ते संपवलं की नाही यावर एका म्हातारीची नजर असते. लांडगा झाल्यावर सगळे एका ढिगात झोपतात. शास्त्राने सांगितलेल्या खऱ्या लांडग्याच्या हे फार जवळ आहे. घराने टाकलेल्या समलिंगी मुलाला सगळ्यात जास्त हवंसं वाटणारं चित्र हेच आहे, आणि माझ्या मते या पुस्तकांची खरी ताकद प्रणयापेक्षा या जेवणाच्या टेबलात आहे.

मेट म्हणजे नेमकं काय?

नायकाला जोडीदार वासाने कळतो. काळीज धडधडतं, अंगातला लांडगा उठून उभा राहतो आणि सांगतो की हाच. यात हसण्यासारखं काही नाही, समलिंगी वाचकाच्या बाजूने पाहिलं तर.

आपल्याकडे मुलगा घरी सांगतो तेव्हा काय ऐकतो? हे वय असतं, जाईल. संगतीचा परिणाम आहे. लग्न करून टाकू, ताळ्यावर येईल. काही घरांतून त्याला ‘बरं करायला’ डॉक्टरांकडे, नाहीतर बाबाकडे नेलं जातं. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये स्पष्ट केलं की समलिंगी असणं हा आजार नाही. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘बदलण्याचे उपचार’ करणं हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. इतकं होऊनही त्या मुलाला दर वेळी स्वतःच्या मनाचा पुरावा द्यावा लागतो.

कादंबरीत पुरावा शरीर देतं. वास खोटा असू शकत नाही आणि तो फक्त त्या दोघांना येत नाही, सगळ्या टोळीला येतो. म्हणजे पहिल्या भेटीनंतर ‘खरंच का?’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही. टोळीने ते नातं मान्य केलं की त्याला नोंदणी कार्यालयाचा शिक्का लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. भारतातल्या वाचकाला मेट ही कल्पना अमेरिकेतल्या वाचकापेक्षा वेगळी भिडते, ती यामुळे. तिकडे २०१५ पासून देशभर कायदेशीर लग्न आहे, इकडे ते अजून गोष्टीत आहे.

सगळं नियतीने ठरवलं, तर संमती कुठे राहिली?

या प्रकारावरचा हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि तो खरा आहे. ‘माझा लांडगा ऐकत नाही’ ही सबब देऊन नायक समोरच्याच्या नकाराकडे दुर्लक्ष करतो अशी पुस्तकं आहेत. शरीराने ओळखलं म्हणजे माणसाने होकार दिला असं होत नाही. या युक्तिवादाला आपण रोजच्या आयुष्यात थारा देणार नाही, तर तो पुस्तकात गोड का मानायचा?

जाणते लेखक यातून वाट काढतात. त्यांच्याकडे खूण निसर्ग पटवतो, पण निर्णय माणूस घेतो. ओळख पटल्यावरही एकाने थांबायचं, दुसऱ्याने हो म्हणेपर्यंत अंतर राखायचं आणि तो नाही म्हणाला तर टोळीने त्याच्या बाजूने उभं राहायचं. कथेतला ताण तिथूनच येतो, आणि तो नुसत्या झटापटीपेक्षा जास्त धरून ठेवतो. नवख्या वाचकाने पुस्तक पारखायचं असेल तर पहिल्या पन्नास पानांत एवढंच बघावं की नकाराला किंमत आहे का. नसेल तर पुस्तक खुशाल मिटावं.

पुरुषाला दिवस जातात, हे काय प्रकरण?

साधारण २०१० च्या सुमारास एका अमेरिकी मालिकेच्या चाहत्यांमधून ‘ओमेगाव्हर्स’ नावाची शाखा फुटली. तिच्यातल्या जगात स्त्री-पुरुष या भेदाखेरीज प्रत्येकजण अल्फा, बीटा किंवा ओमेगा असतो. ओमेगा पुरुष ठरावीक काळाने माजावर येतो आणि त्याला मूल होऊ शकतं. मूळ नियम एका कुणाचे नाहीत. चाहत्यांनी एकमेकांचं वाचून ते वाढवले, त्यामुळे ते कुणाच्या मालकीचे यावरून पुढे अमेरिकेत न्यायालयापर्यंत भांडणं गेली.

ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण युवनाश्व राजाची कथा आपल्या पुराणांत आहेच. राणीसाठी मंतरलेलं पाणी तो रात्री तहानेने पितो, त्याला दिवस जातात आणि त्याच्या कुशीतून मांधाता जन्मतो. इंद्र त्या बाळाला आपलं बोट चोखायला देतो. ओमेगाव्हर्समधल्या बऱ्याच कथा मात्र ओमेगावर जुन्या सुनेसारखी बंधनं लादतात आणि तिथे माझं मन उडतं. काही लेखक याच बंधनांकडे बोट दाखवायला ही चौकट वापरतात. गरोदरपण पुरुषाच्या वाट्याला आलं तर समाज त्याच्याशी कसा वागेल हा प्रश्न ते खरोखर सोडवत बसतात, आणि त्या कथा वाचण्यासारख्या आहेत.

समलिंगी माणसाला जनावर करणं हा अपमान नाही का?

हा प्रश्न मला एका समलिंगी मित्राने विचारला होता आणि त्याचा राग समजण्यासारखा होता. समलिंगी संबंधांना ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणण्याची भाषा आपल्या कायद्यात १८६० पासून होती. ज्यांना इतकी वर्षं पशूसारखं म्हटलं गेलं त्यांना लांडगा करायचं?

फरक कोण सांगतंय यात पडतो. जुन्या भयपटात कॅमेरा गावकऱ्यांच्या बाजूला असतो आणि लांडग्याला मारलं की गोष्ट संपते. या कादंबऱ्यांत गोष्ट लांडगाच सांगतो. त्याला माणसापेक्षा जास्त ऐकू येतं, जास्त कळतं, त्याची निष्ठा पक्की असते आणि बंदूक घेऊन येणारे शिकारी हे संकट असतं. ‘निसर्गाविरुद्ध’ म्हणणाऱ्यांना ही कादंबरी निसर्गच दाखवते. तरीही माझ्या मित्राला हा प्रकार आवडत नाही. त्याला दोन साध्या माणसांची, ठाण्यातल्या वन बीएचकेमधली गोष्ट हवी आहे. त्याची मागणीही तितकीच खरी आहे आणि ती पुरी करणारं लेखन मराठीत फारच थोडं आहे.

बायका हे का लिहितात?

दोन पुरुषांच्या या रोमान्सच्या लेखिका आणि वाचक मोठ्या संख्येने स्त्रिया आहेत. त्यावर समलिंगी पुरुषांचा आक्षेप असा की आमच्या आयुष्याची माहिती नसताना ते करमणुकीसाठी वापरलं जातं. काही पुस्तकांना तो तंतोतंत लागू पडतो. त्यातला एक नायक नाव बदललेली नायिकाच असतो आणि भीती, आजार, घरच्यांचा दबाव यांचा पत्ताही नसतो. दुसऱ्या बाजूने, कितीतरी बायकांनी मला सांगितलं आहे की स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत बाईने किती झुकायचं हे आधीच ठरलेलं असतं, इथे ते ठरलेलं नसतं, म्हणून वाचताना मोकळं वाटतं. स्वतः समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स असलेले लेखकही आता या क्षेत्रात भरपूर आहेत. अशा लेखनासाठीच असलेल्या अमेरिकेतल्या लॅम्डा साहित्य पुरस्कारांमध्ये रोमान्ससाठीही विभाग आहे, निवड करायला तिथून सुरुवात करता येते.

मराठीत लिहायचं झालं तर

साचा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, कारण आपला लांडगा जंगलात राहत नाही. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या पट्ट्यातल्या उघड्या माळावर तो राहतो. आकाराने युरोप-अमेरिकेतल्या लांडग्यापेक्षा लहान, टोळीही लहान. सरकारदरबारी ज्या जमिनीला पडीक म्हणतात ती त्याची वस्ती. गवत गुडघ्याएवढं, आडोसा जवळपास नाही, आणि मेंढरांचे वाडे हाकेच्या अंतरावर. धनगर त्याला ओळखतो, त्याच्यावर चिडतो, आणि मेंढी गेली तर तो आपला वाटा घेऊन गेला असं म्हणणारेही भेटतात.

म्हणजे मराठी शिफ्टरला लपायला झाडी मिळणार नाही. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात, ज्यांच्या कळपावर त्याचं पोट आहे त्यांच्या शेजारीच त्याला राहावं लागेल. त्याचा जोडीदार बहुधा त्याच वाड्यावरचा असेल, त्याच्या आईने दोघांना एकत्र भाकरी वाढलेली असेल आणि दोघांचीही लग्नं ठरवायला पाहुणे येऊन गेलेले असतील. ओरेगनच्या लेखकाला जी अडचण कधी आली नाही ती इथे पहिल्या प्रकरणातच येईल. पळून जायला जागाच नाही, तर या दोघांनी राहायचं कसं? माझ्या मते कादंबरी इथून सुरू व्हावी, आणि तिचा शेवट गोड करायचा असेल तर लेखकाला गावालाही बदलावं लागेल.